सेलू ते माळीवाडा : डबाबंद भाजीच्या निर्यातवाटेवर तीन दिवस

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेलू तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाचे पाच जण परभणी आणि छत्रपती संभाजीनगर असे तीन दिवस फिरून आलो. मधुमका, भेंडी किंवा लोणच्याची बारकी काकडी, म्हणजेच गर्किन, डब्यात अथवा पिंपात भरून परदेशी पाठवणे आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आहे की नाही, एवढेच पाहायचे होते.

पहिला दिवस परभणीच्या कृषी विद्यापीठातील अन्नतंत्र महाविद्यालयात गेला आणि आमचे निम्मे बेत तेथेच बदलले. या धंद्यात सारे काही सामूवर, म्हणजे आंबटपणाच्या मापावर (पीएच; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) अवलंबून असते. व्हिनेगरमधील गर्किनप्रमाणे ज्याचा सामू ४.६ किंवा त्याखाली ठेवता येतो, त्या मालाला उकळत्या पाण्याच्या आसपासची उष्णता पुरते. परंतु साध्या मिठाच्या पाण्यातील मका किंवा भेंडीसाठी वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान द्यावे लागते, कारण हवाबंद डब्यात विष तयार करणाऱ्या बोटुलिनम जिवाणूंचे बीजाणू त्याखेरीज खात्रीने मरत नाहीत. अमेरिकेत माल पाठवायचा असेल, तर या दोन्ही प्रकारांसाठी कारखान्याची नोंदणी करून, प्रत्येक पदार्थाची आणि डब्याच्या प्रत्येक आकाराची प्रक्रिया तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आधी दाखल करावी लागते. त्यामुळे एकाच वेळी पाच भाज्यांचा घाट घालू नये.

तेथेच पाण्याचा विषय निघाला. आपल्याकडील बोअरचे पाणी जड, हे घरोघरच्या भांड्यांवरील पांढऱ्या थराने सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या पाण्यातील कॅल्शियम भाजीतील पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिन या घटकाला बांधते आणि त्यामुळे वाफवलेल्या वाटाण्याची किंवा शेंगांची साल चिवट होते, हे आम्ही प्रथमच ऐकले. गंमत अशी की गर्किन कुरकुरीत राहावे म्हणून त्यात तेच कॅल्शियम क्लोराइडच्या रूपात मुद्दाम घालतात. यंत्रांची दरपत्रके मागवण्यापूर्वी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा, असे मी प्रत्येकाला सांगेन.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने संभाजीनगर गाठून औद्योगिक वसाहतीतील एक प्रक्रिया कारखाना पाहिला. तेथे तासातासाला एक डबा कापून त्याची दुहेरी शिवण, म्हणजे झाकण आणि डबा जिथे दुमडून जोडतात तो काठ, मोजतात. तीत झाकणाचे तीन आणि अंगाचे दोन असे पत्र्याचे पाच पदर एकमेकांत अडकलेले असतात. त्याहून अधिक वेळ आम्ही थंड करण्याच्या हौदापाशी थांबलो. डबा सुमारे ४० अंशांपर्यंत झटपट उतरवतात आणि तेथेच थांबतात, म्हणजे उरलेल्या उबेने पत्रा कोरडा होतो व गंज धरत नाही. तो सावकाश निवला किंवा तापलेल्या गोदामात पडून राहिला, तर उष्णता सोसणारे काही जिवाणू पुन्हा वाढतात. डबा फुगत नाही, पण आतला माल आंबतो. आपल्याकडचे मे महिन्यातील पत्र्याचे गोदाम डोळ्यांपुढे आणले, की हा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गर्किनची प्रतवारी एका किलोत किती नग बसतात यावर होते आणि जितकी बारीक काकडी तितका दर चढा. एक दिवस तोडणी चुकली तरी प्रत घसरते, म्हणून मजुरांची खात्री असल्याखेरीज करार करू नये. भारतातील ही निर्यात १९९०च्या दशकात कर्नाटकातून सुरू झाली आणि २०२०-२१मध्ये काकडी व गर्किन मिळून २,२३,५१५ टनांवर पोचली. मराठवाड्याला यात उशीर झाला आहे, हे मान्य करावे लागते.

तिसऱ्या दिवशी दौलताबादजवळच्या माळीवाडा येथील अंतर्देशीय कंटेनर आगाराच्या, म्हणजे बंदरापासून दूर निर्यातीचे कंटेनर हाताळणाऱ्या केंद्राच्या, फाटकावर दोन तास उभे राहिलो. सीमाशुल्काच्या हद्दीत पूर्वपरवानगीशिवाय सोडत नाहीत, हे चौकशीअंती कळले. चूक आमचीच होती. तेवढ्या वेळात सोबतच्या निर्यात सल्लागाराने एक मोलाची गोष्ट समजावली. सीमाशुल्कासाठी प्रत्येक मालाला एक वर्गीकरण क्रमांक (शीर्षक) असतो : व्हिनेगरमधील भाजी शीर्षक २००१मध्ये, व्हिनेगरशिवाय टिकवलेल्या बहुतेक भाज्या २००५मध्ये, टिकवलेला टोमॅटो २००२मध्ये आणि केवळ तात्पुरती खारवलेली भाजी ०७११मध्ये मोडते. तिकडचे आयात शुल्क आणि इकडे निर्यातदाराला मिळणारा करांचा परतावा याच क्रमांकावर ठरत असल्याने, दर कळवण्यापूर्वी तो निश्चित करावा. आयात-निर्यात कोड आणि अपेडाची (शेतमाल व प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था) नोंदणी त्याआधीच करून ठेवावी. लेबलवर निव्वळ वजनाबरोबर पाणी निथळल्यानंतरचे वजनही लागते. आमच्या नमुन्याच्या बरणीवर ते नव्हते.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, तेव्हा जालन्याकडून माळीवाड्याला येणाऱ्यांनी मोटारीचीच सोय पाहावी.

डबे बंद करण्याच्या यंत्राचा विचार गटाने तूर्त बाजूला ठेवला असून, येत्या हंगामात अर्ध्या एकरावर गर्किन लावून ते पिंपात भरणाऱ्या कारखान्याला देण्याचे ठरले आहे. पाण्याचा नमुना मात्र परतल्यावर तिसऱ्याच दिवशी परभणीला पोचता केला.