मालवणचा खारा वारा आणि आमची बटणाची गाडी

गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या मुलाने पडद्यावर गाणी कशी लावायची हे बराच वेळ दाखवलं आणि स्टार्टचं बटण दोन वाक्यांत उरकलं. "मॅडम, ब्रेक दाबायचा, बटण दाबायचं, झालं." माझे वडील, आमचे अण्णा, एसटीच्या मालवण डेपोतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तिथल्या तिथे मला विचारलं, "आणि बंद झाली ता कळतला कसा गो?" या प्रश्नाचं नीट उत्तर बसवण्यात आमचे पहिले काही महिने गेले. बटणाच्या गाडीत जपण्यासारखं जे काही आहे, त्यातलं बहुतेक याच प्रश्नापाशी येऊन थांबतं, असं माझं मत झालंय.

चावी फिरवायच्या गाडीत चावी हातात आली की इंजिन बंद, याबद्दल शंका नसायची. इथे चावी पर्समध्येच असते. ती पर्समध्ये आहे यावरून गाडी चालू आहे की बंद, काहीच समजत नाही. शिवाय बटणाला एकच एक काम नाही. ब्रेकवर पाय न ठेवता एकदा दाबलं तर फक्त रेडिओ आणि चार्जिंगपुरती वीज येते, पुन्हा दाबलं तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात, तिसऱ्यांदा दाबलं की सगळं बंद. ब्रेक दाबून धरलेला असेल तरच इंजिन सुरू होतं. आमच्या गाडीत नुसती वीज चालू असताना बटणाचा दिवा नारिंगी असतो आणि ब्रेक दाबला की हिरवा होतो. पेट्रोलचं इंजिन इतकं शांत की बाजारात उभी असताना आवाज येतच नाही. म्हणून आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा शून्यावर आला का आणि बटणाचा दिवा गेला का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा अण्णांनी नियमच केला.

गाडी उभी करण्याचा क्रमही त्यांनीच लावला आणि ते तो अजून मोठ्याने म्हणतात: ब्रेक, एन, हँडब्रेक, पाय सोडून बघ, पी, बटण. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. तिच्या गिअरच्या दांड्यावर अक्षरं असतात: पी म्हणजे पार्किंग, आर म्हणजे रिव्हर्स, एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे पुढे जायचं. नुसत्या पी वर उतारावर उभी केली तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतो. आधी हँडब्रेकने गाडी धरली की त्या खिट्टीवर ताण येत नाही आणि निघताना खट्कन धक्काही बसत नाही. माझ्या दिराची गाडी एएमटी आहे, म्हणजे गिअरबॉक्स साधाच, पण क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं. तिलाही क्लचचं पेडल नाही, पण अशा बऱ्याच गाड्यांप्रमाणे तिला पी नाहीच. आर, एन, डी एवढंच. त्यामुळे तिथे हँडब्रेक हाच एक आधार. दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवणाऱ्या घरात हा फरक सगळ्यांना पाठ असायला हवा. गाडी डी मध्ये असताना बटण दाबून इंजिन बंद करता येतं, पण गाडी मोकळीच राहते आणि उताराला लागते.

इंजिन चालू राहण्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती बंद जागेत. चावी खिशात घेऊन आपण घरात गेलो तरी इंजिन आपण होऊन थांबत नाही, गाडी बाहेर दोन-चारदा बीप करते इतकंच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अमेरिकेत घराला जोडून बंद गॅरेज असतात. तिथे अशा बटणाच्या गाड्या चालू राहून झोपेत माणसं गेली. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात तिथल्या काँग्रेसने मग अशा गाड्यांचं इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद व्हावं, यासाठी नियम करण्याची तरतूद घातली. आमच्याकडे गॅरेज म्हणजे चार खांबांवरचे पत्रे, बाजू उघड्या. पण पावसाळ्यात ताडपत्रीने तीन बाजू बंद करायचा बेत होता, तो मी मोडला. गाडी भिजली तरी चालेल.

दुसरी गोष्ट मॅटची. पाऊस सुरू झाला की आपण गाडीतल्या मूळ मॅटवर वरून आणखी एक रबरी मॅट टाकतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दुसऱ्याच मॉडेलच्या मॅटमध्ये अडकला आणि गाडीतले चौघेही गेले. चालवणारा माणूस महामार्ग पोलीस दलातला, म्हणजे गाडी हाताळण्याचं शिक्षण घेतलेला होता. त्या गाडीलाही बटणच होतं, आणि धावत्या गाडीत ते नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबून चालत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. हे वाचल्यावर मी आमचं मॅन्युअल काढलं. आमच्या गाडीत धावताना इंजिन बंद करायचं तर बटण सलग तीन सेकंद धरायचं किंवा पटापट तीनदा दाबायचं. मॉडेलप्रमाणे यात फरक असतो, म्हणून आपापल्या गाडीचं ते पान काढून घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला वाचून दाखवा. घाईच्या क्षणी पान शोधता येत नाही.

अ‍ॅक्सिलरेटर असा अडकलाच, तर बटणाकडे वळायच्या आधी मात्र ब्रेक. एकदाच आणि पूर्ण ताकदीने दाबून धरायचा. सोडून पुन्हा पुन्हा मारला तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. मग गिअर एन मध्ये टाकायचा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यायचं. गाडी कडेला थांबली की बटण. एन पडतच नसेल तर धावतानाच बटण दाबून धरायचं, आणि स्टीअरिंग जड होणार याची तयारी ठेवायची. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात आम्ही चालत्या गाडीचा एन टाकण्याचा सराव केला, अगदी कमी वेगाने. मॅट आता एकच, तीही हुकात अडकवलेली. गाडी धुऊन आली की अण्णा आधी वाकून ती बघतात.

चावीचं तंत्र कळल्यावर तिची काळजीही सोपी झाली. दाराच्या मुठीला हात लावला की गाडी सुमारे मीटरभर अंतरापुरती एक हलकी हाक देते, आणि चावी रेडिओवरून उत्तर देते. चोर याचाच फायदा घेतात. एक जण गाडीपाशी, दुसरा घराच्या भिंतीपाशी उभा राहून दोन यंत्रांनी ही हाक लांबवतात, आणि घरातली चावी जवळच आहे असं गाडीला वाटतं. म्हणून रात्री आमच्या दोन्ही चाव्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. डबा चालतो का, हे तपासायचं तर चावीसकट तो गाडीशेजारी धरून दार उघडून बघायचं. उघडलं तर डबा बदला. आमचा पहिला डबा प्लॅस्टिकच्या झाकणाचा होता, तो नापास झाला. आणि चावी मोबाइलला चिकटून एकाच खिशात नको, कधी कधी गाडीला ती सापडत नाही.

चावीत सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. तो उतरला की दारापाशी दोनदा हात लावावा लागतो, किंवा पडद्यावर सूचना येते. पूर्ण संपला तरी घाबरायचं कारण नाही. चावीच्या पोटात धातूचं पातं असतं, त्याने दार उघडतं. मग ब्रेक दाबून चावीच बटणाला टेकवायची. आतल्या चिपला तेवढ्या जवळून गाडीच वीज पुरवते आणि इंजिन सुरू होतं. अण्णांकडून मी हे मुद्दाम सेल काढून करून घेतलं.

कुडाळ स्टेशनवर भावाला सोडायला गेलो तेव्हा इंजिन चालूच होतं. भाऊ बॅगा घेऊन उतरला आणि चावी त्याच्या खिशात. गाडीने बीप केलं, पडद्यावर चावी नसल्याचं दिसलं, अण्णांनी ते लगेच पाहिलं आणि त्याला हाक मारून परत बोलावलं. तसेच निघालो असतो तर गाडी मालवणपर्यंत धावली असती, पण वाटेत कुठेही बंद केली की पुन्हा सुरू झाली नसती. तेव्हापासून चावी चालवणाऱ्याच्याच अंगावर. तारकर्लीला पाण्यात उतरतानाही ती खिशात न्यायची नाही, किनाऱ्यावर थांबणाऱ्याकडे द्यायची. खारं पाणी आत गेलं की चावी संपलीच.

गाडी धुताना चावी आत घरात ठेवावी लागते, हे मला मॅन्युअलमधूनच कळलं. ती खिशात असली आणि मुठीवर पाण्याची धार पडली की गाडीला कुणीतरी हात लावलासा वाटतो, आणि कुलूप उघड-मीट सुरू होते. पावसाच्या पाण्यावर आपोआप फिरणारे वायपर असतील तर तेही आधी बंद करावेत.

आता पत्रा. मालवणात समुद्रापासून लांब राहायचं म्हटलं तरी किती लांब राहणार? वाऱ्यातलं मीठ रंगावर बसतं. नुसत्या रंगाला त्याने फारसं होत नाही, पण जिथे टवका उडालाय तिथून ते लोखंडापर्यंत पोहोचतं आणि गंज रंगाच्या खालून पसरतो. कारखान्यातला रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) असतो, आणि सगळ्यात वरचा पारदर्शक थर त्यातला तिसरा हिस्सा धरा. आपण रोज ज्याच्यावर फडकं मारतो तो एवढासाच थर आहे.

आणि फडकं कोरडं मारतो. आमच्या आळीत सकाळी उठून कोरड्या फडक्याने गाडी पुसणं हे टापटिपीचं लक्षण मानलं जातं. जांभ्याच्या लाल धुळीत कठीण कण असतात, ते फडक्याखाली घासले जातात. उन्हात बघा, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहू द्यायची, मग हात लावायचा. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं कापड दर वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शांपूत. छपरापासून खाली यायचं, चाकांना वेगळं कापड. भांड्यांचा साबण किंवा निरमा वापरला तर वॅक्स निघून जातं. हे सगळं सावलीत, आणि शेवटी पाणी पुसून घ्यायचं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी वैशाखात मचूळ होतं, ते अंगावर वाळलं की पांढरे डाग राहतात. त्या दिवसांत आम्ही शेवटची बादली नळाची घेतो.

वैशाखातच दुसरा त्रास आंब्याचा. चीक कातडीला भाजतो तसा रंगालाही खातो. कावळ्या-वटवाघळांची विष्ठाही तशीच. उन्हाने रंग मऊ झालेला असतो, त्यात ती बसते आणि गार होताना तिचा ठसा कायमचा उमटतो. नखाने खरवडू नका. ओलं फडकं त्यावर काही मिनिटं ठेवायचं आणि अलगद उचलायचं. त्याच दिवशी. माडाखाली गाडी लावायची नाही हे कोकणात कुणाला सांगायला नको, पण पाहुणे लावतात. नारळ राहू दे, नुसती झावळ पडली तरी पत्र्याला पोचा येतो.

लोकांच्या लक्षात न येणारी जागा म्हणजे डिकीतली जादा चाकाची खळगी. आपल्याकडे डिकीतून मासळी येते. पिशवीतलं खारं पाणी गालिच्याखाली झिरपतं, चाकाभोवती साचतं आणि आतून पत्रा खातं. बाहेरून गाडी चकचकीत दिसत असते. आम्ही मासळीसाठी झाकणाचा टब ठेवलाय, आणि महिन्यातून एकदा ते चाक बाहेर काढून खळगी कोरडी करतो. तसंच दारांच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. काचेखालच्या जाळीत फणसाची पानं कुजतात. दोन्ही जागा बोटाने आणि मऊ काडीने साफ होतात.

पावसाआधी खालून जळकं ऑइल मारून घ्यायची जुनी रीत आहे. अण्णांच्या काळात सगळेच मारत. आम्ही मारलं नाही. ते सांध्यांत बसवलेल्या रबराच्या बुशना फुगवतं, धूळ धरून ठेवतं आणि शेवटी ओहोळात जातं. त्याऐवजी वर्कशॉपमधून अंडरबॉडीचा थर तपासून घेतला आणि भर पावसातही अधूनमधून चाकांच्या कमानीतला लाल चिखल धुतला. तो तिथे चिकटून राहिला तर पत्रा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. प्लॅस्टिकचं कव्हरही पावसात नको, आत घाम साचतो.

दिवाळीच्या आधी अण्णांनी बॅटरी घेऊन गाडीभोवती नेहमीची फेरी मारली, आणि डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला मुगाएवढा फोड सापडला. रंगाचा क्रमांक दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो, त्यावरून टचअपची बाटली मागवली. फोड फोडून बारीक पॉलिश पेपरने चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासलं, गंज रोखणारा प्रायमर लावला, तो वाळू दिला आणि मग टोकदार ब्रशने रंगाचे पातळ थर, मध्ये पुरेसा वेळ सोडून. शेवटी पारदर्शक थर. जवळून पाहिलं तर जागा ओळखू येते, पण पत्रा बंद झाला हे महत्त्वाचं. महामार्गावरच्या खडीने पुढच्या बंपरच्या वर बॉनेटच्या कडेला दोन टवके उडालेत, ते येत्या रविवारी करायचे आहेत. त्याच दिवशी दुसऱ्या चावीचा सेलही बदलणार आहे.