आठ दिवसांचा ताप आणि उताऱ्यावर चढलेले नाव

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या बारावीच्या जीवशास्त्राच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे होते आणि उरलेल्या बाकांवरून खोकल्याचा आवाज येत होता. गोव्यात पावसाने जम बसवला की फ्लूची साथ येतेच. तीन दिवस तापाने अंथरुणाला खिळून परतलेल्या एका मुलीने विचारले, “टीचर, फ्लूचा विषाणूही आरएनएचाच आणि एचआयव्हीही आरएनएचाच. मग एक आठवड्यात जातो आणि दुसरा जन्मभर का राहतो?” तासात या प्रश्नाला न्याय देता आला नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वासावाटे येतो आणि श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशींवरचे सियालिक आम्ल (साखरेसारखा एक रेणू) आपल्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाने पकडतो. पेशी त्याला एका सूक्ष्म पिशवीत गुंडाळून आत ओढते, त्या पिशवीतील आम्लता वाढत जाते, आणि त्या आम्लतेनेच हिमॅग्लुटिनिनचा आकार पालटून विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकजीव होते. जी आम्लता आत आलेल्या वस्तूचे विघटन करण्यासाठी असते, तीच विषाणूला वाट करून देते. इतकी वर्षे शिकवूनही मला याचे नवल वाटते. मग त्याच्या आरएनएचे, म्हणजे ज्यावर त्याची आनुवंशिक माहिती असते त्या रेणूचे, आठ तुकडे केंद्रकात शिरतात आणि तेथे त्यांच्या प्रती निघतात. नवे विषाणू पेशीबाहेर पडताना पुन्हा त्याच सियालिक आम्लाला चिकटतात, तेव्हा न्यूरामिनिडेज हे विकर (एन्झाइम) ते बंध कापून त्यांना मोकळे करते. ओसेल्टामिविर हे औषध नेमके हे कापणेच रोखते. मात्र या साऱ्या धुमाकुळात आपल्या गुणसूत्रांवर काहीही लिहिले जात नाही. बाधित पेशी मेल्या, प्रतिकारशक्तीने उरलेला विषाणू निपटून काढला, की तो शरीरातून जातो.

एचआयव्ही ज्या गटात मोडतो, त्या रेट्रोव्हायरसचे तसे नाही. एचआयव्ही रक्तातील व लसिका ग्रंथींतील ज्या पेशींवर सीडी४ हे प्रथिन असते, त्यांनाच धरतो; त्याला जोडीला सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी एक प्रथिनही लागते. एरवी पेशीत डीएनएवरून आरएनए तयार होतो; एचआयव्ही मात्र आत गेल्यावर आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. असा उलटा प्रवास घडवणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधले आणि त्यासाठी १९७५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्यानंतर इंटिग्रेज हे विकर तो डीएनए आपल्याच गुणसूत्रात सांधून टाकते. गोव्यातील माणसाला एक-चौदाच्या उताऱ्याचे, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचे, महत्त्व सांगावे लागत नाही. फ्लू अंगणात नासधूस करून निघून जातो. एचआयव्ही उताऱ्यावर आपले नाव चढवतो. त्या पेशीचे विभाजन झाले की ते नाव नव्या पेशींतही उतरते. अशा काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात, औषधांना व प्रतिकारशक्तीला त्या सापडत नाहीत, आणि म्हणूनच उपचार थांबवले की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. उपचार नियमित चालू असतील, तर तो वर्षानुवर्षे दबून राहतो.

हे शिकवताना मला डॉमिनिक डिसोझा आठवतात. रक्तदान करणाऱ्या या गोमंतकीय तरुणाला एचआयव्हीची बाधा असल्याचे कळताच १९८९ मध्ये, तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे ताब्यात घेऊन ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकट्याने ठेवण्यात आले. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, फ्लूचा विषाणूही हवेतून येतो. पण एचआयव्हीला लागणाऱ्या पेशी श्वासातून आलेल्या तुषारांनी गाठता येत नाहीत, आणि सीडी४ हे त्याचे दार तर १९८४ सालीच ओळखले गेले होते. डॉमिनिक १९९२ मध्ये गेले. त्या मुलीला उद्या पेशीच्या आकृतीसोबत ही हकीकतही सांगणार आहे.