तीन दिवसांत फिरलेलं मत : व्हर्जिनिया, ३ मार्च २०२०

एक्झिट पोलच्या त्या दिवशीच्या कागदावरचा एक प्रश्न असा होता : डेमोक्रॅटिक पक्षाने कसा उमेदवार द्यावा असं तुम्हाला वाटतं? महत्त्वाच्या प्रश्नांवर तुमच्या मताचा, की डोनाल्ड ट्रम्पना हरवू शकणारा? दोन चौकोन, खूण एकातच करायची. 'दोन्ही' असा चौकोन नव्हता, आणि दिवसभरात सगळ्यात जास्त पेन्सिली अडखळल्या त्या इथेच.

उत्तर व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत एका शाळेत मतदानकेंद्र होतं. मत देऊन बाहेर पडणाऱ्यांकडून हे कागद भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी १४ राज्यांत प्रायमरी होती, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान. अशा दिवसाला सुपर ट्यूजडे म्हणतात. मतदारांनी ऐनवेळी मत फिरवलं असेल, तर ते उघडं दिसण्यासाठी व्हर्जिनियाइतकं सोयीचं राज्य त्या चौदांत क्वचितच दुसरं असेल. इथे मतदारयादीत पक्षाची नोंदच नसते, त्यामुळे कोणीही येऊन डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेऊ शकतो. रिपब्लिकन पक्षाने त्या वर्षी राज्यात प्रायमरी घेतली नव्हती, तेव्हा तिकडचे कुंपणावर बसलेले मतदारही इकडे यायला मोकळे होते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कारण न देता आधी मतदान करायची सोय व्हर्जिनियात तोवर नव्हती, त्यामुळे बहुतेकांनी मत दिलं ते त्याच दिवशी, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात. शनिवारी, रविवारी, सोमवारी जे घडलं ते सगळं डोक्यात घेऊनच लोक रांगेत उभे होते.

घडलंही बरंच होतं. ३ फेब्रुवारीला आयोवात उमेदवारीच्या शर्यतीतले जो बायडन चौथे आले, ११ तारखेला न्यू हॅम्पशायरमध्ये साडेआठ टक्क्यांच्या आत राहून पाचवे. २२ तारखेला नेव्हाडात त्यांचे स्पर्धक बर्नी सँडर्स यांनी मोठ्या फरकाने बाजी मारली. तोवर 'ट्रम्पना हरवू शकणारा माणूस' ही बायडन यांची सगळी पुंजी होती, आणि लागोपाठ हरणाऱ्या माणसाकडे ही पुंजी टिकत नाही. २६ तारखेला साऊथ कॅरोलिनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा दिला. शनिवारी २९ तारखेला तिथे बायडन यांना ४८ टक्क्यांहून जास्त मतं पडली, सँडर्स यांना २० टक्क्यांच्या आत. रविवारी शर्यतीतून पीट बुटिजेज बाहेर पडले, सोमवारी एमी क्लोबुशार. एलिझाबेथ वॉरन मात्र शर्यतीत राहिल्या. सोमवारी रात्री डॅलसमध्ये बुटिजेज आणि क्लोबुशार या दोघांनी बायडन यांना पाठिंबा जाहीर केला, आणि मंगळवारी सकाळी आमच्या केंद्राचं दार उघडलं. मतपत्रिकेवर दोघांची नावं तशीच होती, कारण छापून झालेली मतपत्रिका मागे घेता येत नाही.

हे काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नसतं. कोणाला विचारायचं हे आपल्या मनावर नसतं. अपेक्षित मतदान बघून अंतर ठरवून दिलेलं असतं, दर तिसरा, दर पाचवा, असं. बाहेर येणारा प्रत्येक मतदार मोजायचा आणि नेमका त्या आकड्याचाच थांबवायचा. तो नाही म्हणाला तर शेजारच्याला पकडायचं नाही. नकाराच्या रकान्यात अंदाजे वय, स्त्री की पुरुष आणि वंश एवढं टिपायचं आणि मोजणी पुढे चालू ठेवायची. नवखी मंडळी इथेच घसरतात. हसतमुख, बोलघेवडा माणूस दिसला की त्यालाच कागद देण्याचा मोह होतो आणि नमुना वाकडा होतो. घोळक्याने बाहेर पडणारे लोक, दाराशीच वळून पार्किंगकडे जाणारे, मुलाला शाळेत सोडायची घाई असलेले, हे सगळे निसटतात. दारापासून जितकं लांब उभं राहाल तितकी चूक वाढते. २००४ च्या एक्झिट पोलमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांची मतं प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसली होती. त्याची नंतर चौकशी झाली, तेव्हा चूक जास्त निघाली ती प्रश्न विचारणारे वयाने तरुण होते त्या केंद्रांवर आणि दारापासून लांब उभं राहावं लागलं त्या केंद्रांवर.

कागद मतदाराने स्वतः भरायचा, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. आपण डोकवायचं नाही, समजावून सांगायचं नाही, मान हलवायची नाही. पेटी उघडून दिवसातून तीनदा फोनवर आकडे सांगायचे असतात : मत कोणाला ते सगळ्या कागदांवरून, आणि बाकीची उत्तरं निवडक कागदांवरून. रात्री खरे निकाल येऊ लागले की हे सगळे आकडे निकालाशी जुळवून घेतले जातात. म्हणूनच संध्याकाळी टीव्हीवर दिसणारे टक्के आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यातले टक्के सारखे नसतात. त्यात लपवाछपवी काही नाही, पण दरवेळी कोणाला तरी तशी शंका येतेच.

दुपारी मोजणीत एक मराठी जोडपं आलं, म्हणजे नंबर काकूंचा आणि काका सोबतीला. काकूंनी भराभर खुणा केल्या आणि त्या प्रश्नावर येऊन थांबल्या. "दोन्हीवर केली तर चालेल का?" त्यांनी इंग्रजीतच विचारलं. एकच, एवढंच मी सांगितलं. त्यांनी पहिल्या चौकोनावर पेन्सिल टेकवली, उचलली आणि दुसऱ्यावर खूण केली. कागद पेटीत गेल्यावर माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव त्यांनी वाचलं आणि मराठीत म्हणाल्या, "अगं, मला वॉरनच आवडते. पण तिकडे ओहायो-पेनसिल्व्हेनियात लोक बाईला मत देतील का गं? म्हणून मग..." काका गाडीची किल्ली काढत म्हणाले, "इलेक्टिव्ह मेरिट बघायला नको का? मत वाया कशाला घालवायचं!"

इलेक्टिव्ह मेरिट, म्हणजे निवडून येण्याची क्षमता, हे तिकीटवाटपाच्या बातम्यांमधलं नाणं. महाराष्ट्रात ते पक्षश्रेष्ठी बघतात. सर्व्हे करवतात, मतदारसंघातली जातींची गणितं मांडतात, मागच्या वेळचा फरक काढतात आणि मग यादी लागते. अमेरिकी प्रायमरीत श्रेष्ठींच्या खुर्चीवर मतदार बसलेला असतो, पण त्याच्या हाताशी सर्व्हे नसतो, बूथवार आकडेही नसतात. असते ती टीव्हीवरची हवा.

काकूंचं वाक्य मी सरळ नोंदवणार नव्हतेच, त्याला कागदावर जागा नव्हती. पण त्यात दोन वेगळे अंदाज एकमेकांत मिसळले होते. ओहायो-पेनसिल्व्हेनिया या अटीतटीच्या मानल्या जाणाऱ्या राज्यांचा अंदाज नोव्हेंबरचा : ही व्यक्ती सार्वत्रिक निवडणूक जिंकेल का? काकांच्या 'वाया'मधला अंदाज पक्षातल्या शर्यतीचा : या व्यक्तीला उमेदवारी मिळायची शक्यता तरी उरली आहे का? अभ्यासक हे दोन वेगळे मोजतात, मतदार सहसा एका दमात बोलून टाकतो. दुसऱ्या अंदाजाला तर नियमांचाच आधार आहे. डेमोक्रॅटिक प्रायमरीत राज्यभर किंवा अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) मतदारसंघात १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्या उमेदवाराला तिथून प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारी माणसं, मिळत नाहीत. व्हर्जिनियातले ९९ प्रतिनिधी या चाळणीतून गेले तेव्हा बायडन यांना ६७, सँडर्स यांना ३१ आणि एलिझाबेथ वॉरन यांना १ मिळाला. वॉरन यांची राज्यातली मतं सुमारे ११ टक्के होती. काकांचा हिशेब अगदीच हवेतला नव्हता.

नोव्हेंबरच्या अंदाजाचं तसं नाही. आपल्याला कोण आवडतं हे मतदाराला माहीत असतं, पण इथे त्याला दुसऱ्या राज्यातला अनोळखी मतदार काय करेल हे ओळखायचं असतं. तो अनोळखी माणूस आपल्यापेक्षा जुन्या विचारांचा असणार असं बहुतेक जण धरून चालतात. राज्यशास्त्रज्ञ रेजिना बेटसन यांनी याला 'धोरणात्मक भेदभाव' म्हटलं आहे : स्वतःच्या मनात आकस नसताना, इतरांच्या मनात तो असेल या भीतीने स्त्री किंवा कृष्णवर्णीय उमेदवार टाळणं. २०१९ च्या जूनमध्ये अ‍ॅव्हलांच या संस्थेने डेमोक्रॅटिक मतदारांना दोन प्रकारे विचारलं होतं. आज मतदान झालं तर कोण, याला बायडन पुढे. जादूची कांडी फिरवून कोणालाही थेट राष्ट्राध्यक्ष करता आलं तर कोण, याला वॉरन पुढे. मतदार तेच, फक्त जिंकण्याची काळजी काढून टाकलेली.

हा अंदाज बदलतो कशाने? भाषणांनी फारसा नाही, निकालाने बदलतो. २००८ मध्ये गोरे लोक ओबामांना मत देतील यावर साऊथ कॅरोलिनातल्या बऱ्याच कृष्णवर्णीय मतदारांचा विश्वास नव्हता. ३ जानेवारीला जवळजवळ पूर्ण गोऱ्या आयोवाने त्यांना जिंकवलं. २६ जानेवारीला साऊथ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीयांपैकी दहांतल्या जवळपास आठांनी ओबामांना मत दिलं. उमेदवार तोच होता, आपण एकटे पडू ही भीती गेली होती. २००४ मध्ये मात्र हाच हिशेब मांडून पक्षाने हॉवर्ड डीन यांना बाजूला सारलं, युद्धात लढलेले केरी बुशना हरवतील म्हणून त्यांना पुढे केलं आणि नोव्हेंबरमध्ये केरी हरले. २०१६ मध्ये ट्रम्प निवडून येणार नाहीत असं सांगणारे शहाणे रिपब्लिकन पक्षातही कमी नव्हते.

म्हणून हा सगळा भ्रमच, असंही नाही. राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉल यांनी प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकांमधल्या अटीतटीच्या प्रायमरी तपासल्या. मवाळ उमेदवाराऐवजी टोकाचा उमेदवार थोडक्यात जिंकला, तर सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाची मतं सरासरी ९ ते १३ टक्क्यांनी घसरतात, असं त्यांना आढळलं. तेव्हा विचारधारेचा फटका मोजता येतो. 'बाई चालेल का' या शंकेला मात्र तितका भक्कम आधार मिळत नाही, आणि काकूंची पेन्सिल उचलली गेली ती या शंकेने. माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. दोन अगदी वेगळ्या वजनाचे अंदाज एकाच शब्दाखाली खपून जातात.

आणि आमचा प्रश्न ही गफलत सोडवत नाही. 'हरवू शकणारा' या चौकोनावर खूण करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यामुळे मत बदललं आणि किती जणांनी आधीच ठरलेल्या मताला नंतर कारण जोडलं, हे कागदावरून कळत नाही. बायडन आवडणाऱ्याला बायडनच जिंकतील असं वाटतं, सँडर्स आवडणाऱ्याला सँडर्स. तरुण सँडर्स समर्थकांना तर हा प्रश्नच फसवा वाटत होता. त्यांच्या दृष्टीने पटणारा उमेदवारच नवे मतदार बाहेर काढतो आणि जिंकतो, म्हणजे दोन्ही चौकोन एकच. त्यांनी पहिल्यावर खूण केली की तक्त्यात ते 'जिंकण्याची पर्वा नसलेले' म्हणून जमा होतात. हे वाचन चुकीचं आहे, पण वृत्तवाहिन्यांवर दरवेळी तसंच वाचलं जातं.

त्यामानाने एक दुसरा प्रश्न जास्त बोलका ठरला : मत कोणाला द्यायचं हे तुम्ही कधी ठरवलंत? आज, गेल्या काही दिवसांत, की त्याआधी? 'आज' आणि 'गेल्या काही दिवसांत' या चौकोनांवर त्या दिवशी प्रायमरीच्या मानाने फारच खुणा पडल्या, आणि असं उशिरा ठरवणाऱ्यांत बायडन यांचं पारडं भलतंच जड होतं. बायडन यांचा एकही मुद्दा त्या तीन दिवसांत बदलला नव्हता. बदललं ते एवढंच, की साऊथ कॅरोलिनाने ते जिंकू शकतात हे दाखवलं आणि दोन स्पर्धकांनी वाट मोकळी केली. त्या काही दिवसांचा जोर आम्ही मोजत होतो.

७ वाजता मतदान संपलं आणि वाहिन्यांनी व्हर्जिनिया लगेच बायडन यांच्या नावावर लावलं. शेवटी त्यांना ५३ टक्के, सँडर्स यांना २३. राज्यात जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतणारे अब्जाधीश उमेदवार मायकल ब्लूमबर्ग १० टक्क्यांच्या आत राहिले. मतदान १३ लाखांच्या वर गेलं, २०१६ मध्ये ते ८ लाखांच्या आत होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये, स्वतःच्या राज्यात, वॉरन तिसऱ्या आल्या.

ही लाट ऐनवेळचीच होती, याचा पुरावा टेक्ससमध्ये मिळतो. तिथे आधीचं मतदान १८ ते २८ फेब्रुवारी असं चाललं आणि साऊथ कॅरोलिनाच्या आदल्या दिवशी बंद झालं. त्या मतांत सँडर्स पुढे होते. मंगळवारी पडलेल्या मतांनी बायडन यांना वर आणलं, सुमारे ३५ विरुद्ध ३०. बुटिजेज आणि क्लोबुशार यांना आधी दिलेली मतं तशीच पडून राहिली, ती परत घ्यायची सोय नसते. कॅलिफोर्नियात टपालाने आणि आधी झालेलं मतदान मोठं, तिथे सँडर्स जिंकले. अर्थात या राज्यांत मतदारही वेगळे आहेत, त्यामुळे सगळा फरक तारखांवर ढकलता येणार नाही.

पुढच्या वेळी कागदावर जागा मिळालीच, तर त्या दोन चौकोनांऐवजी मी तीन छोटे प्रश्न टाकीन. सगळेच उमेदवार नोव्हेंबरमध्ये हमखास जिंकणार असते, तर तुम्ही कोणाला मत दिलं असतं? त्यांच्यापैकी जिंकण्याची शक्यता सगळ्यात जास्त कोणाची वाटते? आणि ती तशी का वाटते : उमेदवाराच्या विचारांमुळे, उमेदवार कोण आहे त्यामुळे, की आधीच्या राज्यांतल्या निकालांमुळे? मताचा प्रश्न या तिन्हींच्या आधी छापायचा, म्हणजे यांची सावली त्यावर पडणार नाही. कागद मागच्या बाजूला दोन बोटं वाढेल आणि नकारही थोडे वाढतील.