आधी डोमेन, मग काटछाट

(क्ष² − ९)/(क्ष − ३) दिसलं की माझ्याकडे शिकायला येणारी मुलं लगेच वरखाली काटतात, क्ष + ३ लिहितात आणि डोमेन (क्षच्या जागी चालणाऱ्या सगळ्या किमती) म्हणून सगळ्या वास्तव संख्या देऊन मोकळी होतात. मी तिथेच पेन खाली ठेवायला लावते. मूळ फलात (फंक्शनमध्ये) क्ष = ३ घातलं तर शून्य भागिले शून्य. काटाकाटी केली म्हणून तो ३ काही परत येत नाही! आलेख सरळ रेषेचाच, पण (३, ६) पाशी भोक.

वर्गमूळ असलं की आतली राशी शून्य किंवा धन हवी. √(क्ष − २)/(क्ष − ५) मध्ये दोन अटी एकदम सांभाळायच्या: २ चालतो, ५ नाही. म्हणून [२, ५) ∪ (५, ∞). चौकोनी कंस (टोक धरून) की गोल (टोक वगळून), यात मी सूट देत नाही. खडूस म्हणा हवं तर. घनमुळाला मात्र ऋण संख्याही चालते, तिथे उगाच अट शोधत बसू नका.

लॉगच्या (लॉगॅरिदमच्या) आत तर शून्यही नको, धनच हवं. लॉग(४ − क्ष²) साठी क्ष हा −२ आणि २ यांच्या मधलाच, टोकं वगळून. इथे बरेच जण नुसतं ‘क्ष < २’ लिहितात. त्यांना मी −३ घालून बघायला सांगते.