आमच्याकडून तर जातेय, मग तुमच्याकडे पोचत का नाही

रक्कम नलच, म्हणजे रिकामीच, येत होती. आमची सोप सर्व्हिस (एक्सएमएल मजकुरातून देवाणघेवाण करणारी) जावात, समोरची टीम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर, त्यांना डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसला काय आणि कसं पाठवायचं ते सांगणारी फाइल) दिलेली, त्यावरून त्यांनी प्रॉक्सी क्लास (आमच्या सर्व्हिसला कॉल करणारा तयार कोड) जनरेट केलेले, कॉल जातोय, २०० म्हणजे 'ठीक' परत येतोय, फॉल्ट (सोपचा एरर) नाही, एक्सेप्शन नाही, आणि आमच्या डेटाबेसमधे रक्कम रिकामी. बाकीची सगळी फील्ड व्यवस्थित, फक्त तेवढीच नाही.

मग मेलामेली सुरू झाली. त्यांनी डीबगरचा (चालता कोड थांबवून आतलं दाखवणारं टूल) स्क्रीनशॉट पाठवला, त्यात रक्कम भरलेली स्पष्ट दिसतेय. आम्ही आमच्या डीबगरचा पाठवला, त्यात नल. ते म्हणाले आमच्याकडून जातेय, आम्ही म्हटलं आमच्याकडे येत नाहीये, आणि यात तीन दिवस गेले. मला आज हे लिहावंसं वाटलं ते यासाठीच की दोन्ही स्क्रीनशॉट खरे होते, कोणी खोटं बोलत नव्हतं. पण दोन्ही डीबगर आपापल्या भाषेतले ऑब्जेक्ट दाखवतात, आणि वायरवरून ऑब्जेक्ट जात नसतो, जातो तो मजकूर. तो मजकूर तीन दिवसात आमच्यापैकी एकानेही उघडून बघितला नव्हता.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या डेव्हलपरला फोन केला, म्हटलं भाऊ, कोड राहू दे बाजूला, तुझ्या मशीनवर फिडलर लाव आणि जे बाहेर पडतंय ते जसंच्या तसं पाठव. (फिडलर म्हणजे मशीनमधून बाहेर जाणाऱ्या रिक्वेस्ट पकडून दाखवणारं टूल. नेटवर्कवरचं सगळं पकडणाऱ्या वायरशार्कने इथे भागत नाही कारण एचटीटीपीएस असतं, सगळं एन्क्रिप्टेड दिसतं, फिडलर स्वतःचं सर्टिफिकेट मधे घालून उलगडून दाखवतो.) त्याने पाठवलं. मी सोपयूआयमधून (सोप सर्व्हिस तपासायचं टूल) आमच्याच सर्व्हिसला एक चालणारी रिक्वेस्ट मारली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. नाव आहे, खाते क्रमांक आहे, शेरा आहे, आणि रक्कमेची ओळच नाही. म्हणजे रिकामा टॅग आहे असं नाही, निल (मुद्दाम रिकामं अशी खूण) आहे असंही नाही, ती ओळ मुळात लिहिलेलीच नाही.

कारण असं, की आमच्या स्कीमात (कुठलं फील्ड कसं यावं ते ठरवणाऱ्या भागात) रक्कमेला मिनऑकर्स (किमान किती वेळा यावं) शून्य होतं, म्हणजे ऑप्शनल. डॉटनेटमधे डेसिमल, इंट, बूल, डेटटाइम हे व्हॅल्यू टाइप, त्यांना नल होता येत नाही, मग 'पाठवलंच नाही' हे दाखवायचं कसं? त्यासाठी प्रॉक्सी जनरेट करताना डॉटनेट प्रत्येक अशा फील्डसोबत एक जादाचं बूलियन बनवतो, फील्डच्याच नावापुढे स्पेसिफाइड लावून. ते ट्रू केलं नाही तर तुम्ही रक्कम कितीही भरा, सीरियलायझर (ऑब्जेक्टचा मजकूर करणारा भाग) ती ओळ लिहीतच नाही. स्ट्रिंगला ही भानगड नाही, म्हणून नाव आणि शेरा नीट येत होते.

आणि मिनऑकर्स शून्य कोणी केलं? आम्हीच. मुद्दाम नाही, पण आमच्याच कोडमुळे. सर्व्हिस कोडवरून बनवलेली, म्हणजे डब्ल्यूएसडीएल जावा कोडमधून आपोआप निघालेली, रक्कम बिगडेसिमल या ऑब्जेक्ट टाइपमधे, आणि जावातला जॅक्सबी (जावा क्लास आणि एक्सएमएल यांची सांगड घालणारी लायब्ररी) ऑब्जेक्ट टाइप दिसला की स्वतःहून ऑप्शनल धरतो, रिक्वायर्ड असं वेगळं सांगावं लागतं. साधा इंट असता तर कंपल्सरी झाला असता, इंटीजर (इंटचाच ऑब्जेक्ट अवतार) लिहिलं की ऑप्शनल. जावा लिहिताना आपल्याला हा फरक फारसा जाणवत नाही, पण तो थेट समोरच्याच्या करारात जाऊन बसतो. आम्ही रिक्वायर्ड लावलं, त्यांनी प्रॉक्सी परत जनरेट केली, ते जादाचं बूलियन गायब झालं, रक्कम यायला लागली.

यानंतर काही महिन्यांनी त्याच सर्व्हिसला एक पीएचपीवाला क्लायंट आला आणि आता तर सगळीच फील्ड नल. तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी कच्ची रिक्वेस्ट मागवली. त्याने सोपक्लायंट (पीएचपीतला सोपसाठीचा तयार क्लास) न वापरता एक्सएमएल हाताने स्ट्रिंगमधे जोडलं होतं, आणि दिसायला अगदी बरोबर होतं, मी दोनदा वाचलं तरी मला सापडेना. मग दिसलं की बाहेरच्या रॅपर टॅगवर नेमस्पेस (टॅग कुठल्या कुळातला ते सांगणारं नाव) आहे पण प्रीफिक्स (त्या नेमस्पेसचं टॅगआधी लावायचं छोटं नाव) नाही, म्हणजे डीफॉल्ट नेमस्पेस, आणि डीफॉल्ट नेमस्पेस आतल्या सगळ्या टॅगना वारशाने मिळतो. आमची सर्व्हिस मात्र आतले टॅग बिननेमस्पेसचे असावेत असं धरून चाललेली, कारण जावाच्या जॅक्स-डब्ल्यूएसमधे (सोप सर्व्हिस लिहायची जावातली सोय) काही न सांगता तसंच होतं. जुन्या डॉटनेटच्या एएसएमएक्स सर्व्हिसमधे याच्या बरोबर उलट, तिथे आतले टॅगसुद्धा क्वालिफाइड, म्हणजे नेमस्पेससकट. दोघांचंही स्टँडर्डला धरूनच आहे, फक्त न सांगता धरलेली गोष्ट वेगळी. आणि आमच्या सेटअपमधे व्हॅलिडेशन (आलेली रिक्वेस्ट स्कीमाशी ताडून बघणं) बंद होतं, त्यामुळे अनोळखी नेमस्पेसचा टॅग दिसला की पार्सर (एक्सएमएल वाचणारा भाग) तो गुपचूप सोडून पुढे जायचा. रॅपरला प्रीफिक्स दिला, आतले टॅग नुसते ठेवले, दोन मिनिटात चालू. स्कीमा व्हॅलिडेशन मी त्याच आठवड्यात चालू केलं, थोडं स्लो होतं पण मला चालेल, चुकीचा डेटा मुकाट्याने आत येण्यापेक्षा फॉल्ट गेलेला शंभरदा बरा.

पीएचपीचंच अजून एक, सोपक्लायंट वापरलात तर डब्ल्यूएसडीएल कॅश होते, म्हणजे एकदा घेतलेली प्रतच वापरली जाते, मुळात ८६४०० सेकंद म्हणजे पूर्ण एक दिवस. तुम्ही सर्व्हिस बदलता, तो म्हणतो मला जुनंच दिसतंय, तुम्ही म्हणता अरे मी तर डिप्लॉय केलंय. डेव्हलपमेंटला ती कॅश सरळ बंद ठेवा. आणि यादीत एकच आयटम आला तर तो अ‍ॅरे देत नाही, सरळ ऑब्जेक्ट देतो, फोरईच (यादीवर फिरणारा लूप) मग त्याच्या प्रॉपर्टीजवर फिरतं. दोन आयटमच्या टेस्टमधे हे कधीच सापडत नाही. त्यासाठी सिंगल एलिमेंट अ‍ॅरेजचा फ्लॅग आहे, तो लावा.

४१५ (एचटीटीपीचा 'हा कंटेंट-टाइप चालत नाही' हा एरर) आला तर सोपचं व्हर्जन बघा, कोडमधे शोधत बसू नका. १.१ चा कंटेंट-टाइप टेक्स्ट-एक्सएमएल आणि सोपअ‍ॅक्शन वेगळ्या हेडरमधे, १.२ चा अ‍ॅप्लिकेशन-सोप-प्लस-एक्सएमएल आणि अ‍ॅक्शन त्याच्यातच. डब्ल्यूसीएफमधे (डॉटनेटची एएसएमएक्सनंतरची सर्व्हिस लायब्ररी) बेसिकएचटीटीपी बाइंडिंग (जोडणीची सेटिंग) म्हणजे १.१, डब्ल्यूएसएचटीटीपी म्हणजे १.२ आणि वर अ‍ॅड्रेसिंग, सिक्युरिटी वगैरे. आणि डब्ल्यूएसडीएलमधे आरपीसी-एनकोडेड (मजकूर मांडायची एक जुनी पद्धत) दिसलं तर समोरच्याला आधीच स्पष्ट सांगा, कारण डब्ल्यूएस-आय या वेगवेगळ्या सर्व्हिसचं एकमेकांशी जुळावं म्हणून नियम करणाऱ्या संस्थेच्या बेसिक प्रोफाइल १.० ने ते २००४ मधेच बाद केलं आणि जॅक्स-डब्ल्यूएस ते घेतच नाही.

तारखेचं मात्र सविस्तर सांगते, कारण त्याने मला सगळ्यात जास्त दमवलं. देय तारीख काही रेकॉर्डमधे बरोबर, काहींमधे एक दिवस मागे, आणि क्लायंट एकच, कोड एकच, सर्व्हर एकच. कच्च्या रिक्वेस्ट काढल्या तर काहींमधे मध्यरात्रीच्या वेळेपुढे अधिक चिन्ह आणि ऑफसेट (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे ते), काहींमधे नुसतीच वेळ. डॉटनेटच्या डेटटाइमला काइंड नावाचा एक गुण असतो. आजच्या तारखेत तीस दिवस मिळवून काढलेली तारीख लोकल, ती ऑफसेटसकट लिहिली जाते. डेटाबेसमधून वाचलेली अनस्पेसिफाइड, तिला काहीच लागत नाही. आमचा सर्व्हर यूटीसीवर. ऑफसेटवाली मध्यरात्र यूटीसीत आणली की आदल्या दिवशीची संध्याकाळ होते, आणि आम्ही त्यातली वेळ कापून फक्त तारीख ठेवायचो. नुसती आलेली मात्र जशीच्या तशी बरोबर बसायची. डेटटाइमच्या जागी स्कीमात नुसता डेट टाइप दिला असता तर हा प्रश्नच आला नसता, तारीख म्हणजे तारीख, तिला वेळ कशाला हवी. ते बदललं, पण मधल्या काळातले रेकॉर्ड एकेक करून तपासावे लागले.

सोप सोडून रेस्ट आणि जेसनवर (एक्सएमएलऐवजी वापरायची हलकी पद्धत) आलं की हे सगळं संपतं असं लोकांना वाटतं, पण जावाचा लाँग ६४ बिटांचा आणि जावास्क्रिप्टला पूर्णांक नेमके राहतात ते ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच. याच आकड्याचे शेवटचे तीन अंक ९९३ केलेला आयडी पाठवा, ब्राउझरमधे पार्स झाल्यावर ९९२ निघतो, एरर काही नाही. ट्विटरने याचसाठी आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली होती. आम्हीही तेच केलं.

आता रिपॉझिटरीत एक फोल्डर आहे, प्रत्येक क्लायंटने खरोखर पाठवलेली एकेक कच्ची रिक्वेस्ट त्यात जशीच्या तशी ठेवलेली, फक्त खरी नावं आणि क्रमांक बदलून. प्रत्येक बिल्डला त्या सगळ्या सर्व्हिसवर मारल्या जातात. रक्कमेची ओळ नसलेली ती पहिली रिक्वेस्ट पण त्यात आहे, तिला फॉल्ट आला तरच बिल्ड पास होतो.