सहा व्होल्टचा रेडिओ, बारा व्होल्टची गाडी : माझा अनुभव

आमच्याकडे १९४८ ची शेव्हरोले फ्लीटमास्टर आहे. आजोबांनी घेतलेली. जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ या काळात मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी केली, आणि त्या काळातल्या अशा कितीतरी गाड्या महाराष्ट्रात अजून जपलेल्या दिसतात. शेव्हरोलेने मोटारींना बारा व्होल्ट दिले ते १९५५ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाड्या सहा व्होल्टच्या. त्यामुळे अशी गाडी रोज नाही तरी नेमाने रस्त्यावर काढायची म्हटलं, की सहावर राहायचं की बारावर जायचं, हे आज ना उद्या ठरवावंच लागतं.

सहा व्होल्टला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. केबली जाड असतील, बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्याला केलेली बॅटरीची जोडणी) घासून स्वच्छ केलेले असतील, तर सहा व्होल्टवर इंजिन व्यवस्थित सुरू होतं. आमची अडचण वेगळी होती. इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या डायनॅमोचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा वेटोळ्यांचा भाग, पुन्हा भरून घेतलं, तेही टिकलं नाही. सहाची बॅटरी मागवून घ्यावी लागते. आणि डायनॅमो संथ इंजिनवर चार्जिंग करत नाही. संध्याकाळी लाइट लावून पुण्याच्या गर्दीत अडकलं, की अॅमीटरचा काटा डिस्चार्जच्या बाजूला जाऊन तिथेच बसतो. म्हणून अल्टरनेटर, म्हणजे संथ इंजिनवरही चार्जिंग करणारा नव्या पद्धतीचा जनरेटर, बसवायचा आणि बारावर जायचं, असं घरात ठरलं.

अल्टरनेटर, ब्रॅकेट, जुन्या रुंद पट्ट्याला बसेल अशी लेथवर करून घेतलेली पुली, बाराची कॉइल, बल्ब, सात इंची एच-४ हेडलाइट, हे सगळं नाना पेठेत आणि आमच्या नेहमीच्या लेथवाल्याकडे झालं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. जुनी वायरिंग धड असेल तर तीच चालते, कारण तेवढ्याच वॅटला आता निम्मा करंट लागतो. आमची गाडी मुळात निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं, त्यामुळे तीही कटकट नव्हती. त्या काळातल्या फोर्ड पॉझिटिव्ह अर्थ असत, त्यांच्या मालकांना तो बदलही करावा लागतो.

खरा प्रश्न होता डॅशबोर्डचा. वायरमन म्हणाला, “साहेब, मीटर नवा टाकू, घड्याळ बंद ठेवू, रेडिओच्या जागी ब्लूटूथवाला सेट बसवू. झकास होईल.” त्याचा हेतू चांगलाच होता. पण पेट्रोलचा काटा, ग्लोव्ह बॉक्सच्या दारावरचं घड्याळ आणि मधला रेडिओ काढला, तर त्या डॅशमध्ये उरतं काय? हे तिन्ही भाग त्यांच्या सहा व्होल्टवरच चालले पाहिजेत, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

आधी प्रत्येक वस्तू खरोखर विजेवर चालते का, ते पाहिलं. वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की तो मंदावतो, व्होल्टशी त्याचा संबंध नाही. तापमानाचा काटा बारीक नळीतल्या ईथरच्या दाबावर हलतो. ऑइल प्रेशरच्या मीटरमध्ये तेलाचीच नळी येते. अॅमीटर करंट मोजतो, त्याला सहा-बाराचं सोयरसुतक नाही. म्हणजे मोजकेच भाग उरले. पण त्या प्रत्येकाचं दुखणं निराळं, आणि “एक मोठा रेझिस्टर लावून टाका” हे सगळीकडे चालत नाही. व्होल्टेज दुप्पट झालं की त्याच कॉइलमध्ये करंट दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. रेझिस्टर ती अडवतो, पण किती अडवायचं हे पुढचा भाग किती करंट ओढतो त्यावर ठरतं. ओढ कमीजास्त झाली की व्होल्टेजही कमीजास्त.

पेट्रोलच्या मीटरमध्ये दोन कॉइल असतात आणि काटा त्यांच्यातल्या प्रमाणावर थांबतो. त्यामुळे बारावरही तो जवळपास बरोबर दाखवतो, आणि तिथेच माणूस फसतो. आतल्या कॉइली मात्र भाजत राहतात. इथे ७८०६ हा व्होल्टेज सहावर स्थिर ठेवणारा, तीन पायांचा रेग्युलेटर पुरतो. त्याची धातूची पट्टी आतून अर्थलाच जोडलेली असते, म्हणून निगेटिव्ह अर्थच्या गाडीत तो सरळ डॅशच्या पत्र्यावर स्क्रूने आवळता येतो आणि पत्राच त्याची उष्णता वाहून नेतो. दोन्ही बाजूंना छोटे कपॅसिटर लावले, काम झालं.

घड्याळ मला फार आवडतं. ते स्प्रिंगवरच चालतं. वीज फक्त किल्ली देते. स्प्रिंग उतरली की पॉइंट जुळतात, चुंबक झटका देतो, स्प्रिंग पुन्हा ताणली जाते आणि पॉइंट सुटतात. काही मिनिटं शांत बसलं तर तो “टक्” ऐकू येतो. बारावर हा झटका इतका जोराचा बसतो की यंत्रणेचे हाल होतात. उलट बॅटरी मरगळली तर झटका अपुरा पडतो, पॉइंट सुटत नाहीत आणि कॉइल जळते. इथे मात्र रेझिस्टर योग्य, कारण भार ठरलेला. मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजला, तेवढ्याच ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर मालिकेत जोडला, म्हणजे व्होल्टेज निम्मं. शिवाय एक लहान फ्यूज.

सगळ्यात जास्त वेळ रेडिओने घेतला. तो व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात, आणि दोनशेच्या वरचं व्होल्टेज त्याच सहामधून तयार होतं : डब्यातला व्हायब्रेटर वीज सतत तोडतो-जोडतो आणि ट्रान्सफॉर्मर ती वाढवतो. एकूण साडेसहा अँपियर. चालू करताच थंड फिलामेंट जास्त ओढतात, मग ओढ कमी होते, मग व्हॉल्व्ह तापून काम करू लागले की पुन्हा वाढते. रेझिस्टर लावला तर या प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेज वरखाली होणार. आजकाल मिळणारे स्टेप-डाउन मॉड्यूल स्वस्त आहेत, थंडही राहतात, पण ते सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि त्यांची खरखर नेमकी मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरते. टेबलावर करून पाहिलं : ७९२ किलोहर्ट्झवरचं पुणे आकाशवाणी त्या खरखरीखाली गेलं. धातूच्या डब्यात बंद करून, चोक (खरखर अडवणारी कॉइल) लावून खरखर कमी करता येते, पण मला ती नकोच होती.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. तिथे रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या एका काकांना सर्किट विचारलं. ते लगेच म्हणाले, “सातशे तेवीस घे आणि दोन तीस-पंचावन्न. तापू दे, पण आवाज करणार नाही.” म्हणजे एलएम ७२३ हा रेग्युलेटर आणि करंट वाहायला २एन३०५५ ची जोडी. सुमारे पन्नास वॅट उष्णता होते, म्हणून हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पंख्यांचा धातूचा ठोकळा, चांगला मोठा घेतला आणि रेडिएटरच्या बाजूला, वारा लागेल असा बसवला. या ट्रान्झिस्टरचं धातूचं कवच म्हणजेच कलेक्टर, बॅटरीची वीज जिथे येते ते टोक, असतं. तिथे वीज अडवणारा अभ्रकाचा वॉशर आणि उष्णता वाहणारी पेस्ट लागतेच, नाहीतर बॅटरी सरळ बॉडीला जोडली जाते. पुढे काकांनीच बजावलं, “ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर बारा व्होल्ट थेट व्हॉल्व्हला जातील, त्याची सोय कर.” त्यासाठी एक एससीआर, म्हणजे इशारा मिळताच चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, आहे : व्होल्टेज आठच्या वर गेलं की तो लाइन शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो.

चाचणीला जुना सहा व्होल्टचा हेडलाइटच वापरला. त्याची ४५ वॅटची बाजू सात अँपियर ओढते, रेडिओपेक्षा थोडी जास्तच. तासभर जळत ठेवला, मीटर ६.३ वरून हलला नाही. त्यानंतरच रेडिओ जोडला, तोही व्हायब्रेटरजवळचा, व्होल्टेजचे झटके झेलणारा बफर कपॅसिटर नवा टाकून. इतक्या वर्षांचा तो कपॅसिटर तसाच ठेवून वीज देणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर धोक्यात घालणं. डायल उजळली, व्हायब्रेटरची घुंई सुरू झाली, आणि थोड्या वेळाने बातम्या. आई शेजारच्या सीटवर होती, ती म्हणाली, “आवाज तोच आहे रे.”

सेल्फला हात लावला नाही. पायाने दाबायचा जुना सहाचाच सेल्फ बारावर जोरात फिरतो, पण इग्निशनचं टायमिंग नीट असेल तर क्षणभरात इंजिन उचलतं आणि पाय काढता येतो. जुना हॉर्न मात्र उतरवून ठेवला. दहाएक अँपियर ओढणाऱ्या हॉर्नसाठी व्होल्टेज उतरवणं परवडत नाही, आणि आमच्या रस्त्यांवर तो इतका वाजतो की बारावर त्याचे पॉइंट टिकणार नाहीत.

रेडिओची ही सोय अर्धी वीज उष्णतेतच घालवते, म्हणून इंजिन बंद असताना तो फार वेळ लावत नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या आत आता नव्या वायरिंगचा नकाशा चिकटवलाय, आणि रेडिओच्या फ्यूजपाशी पुढच्या वायरमनसाठी लाल अक्षरांत पट्टी : “इथून पुढे सहा व्होल्ट. बॅटरी थेट जोडू नये.”