जुलैतली डेथ व्हॅली, जाणार असाल तर आधी हे वाचा

डेथ व्हॅली म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं वाळवंटी नॅशनल पार्क. लास व्हेगासहून रात्री साडेतीनला निघालो ते झॅब्रिस्की पॉइंटला सूर्योदय गाठायला, आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात गाडीबाहेर नीट फिरायला मिळतं ते तेवढंच. खालच्या भागात सकाळी दहानंतर हाइक करू नका असं पार्कवालेच सांगतात, आम्हाला तर नऊलाच पुरे झालं.

बॅडवॉटर हा व्हॅलीचा सगळ्यात खोल भाग समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, त्यामुळे तापलेली हवा वर जाते, परत खाली येते, पुन्हा तापते आणि तिथेच कोंडून राहते. व्हॅलीतल्याच फर्नेस क्रीक या ठिकाणची १० जुलै १९१३ ची ५६.७ डिग्री सेल्सिअसची नोंद अजूनही जगातली सर्वात जास्त धरतात, काही हवामानवाले तिच्यावर शंका घेतात ते वेगळं. व्हिजिटर सेंटरबाहेरच्या थर्मामीटरसमोर लोक हौसेने फोटो काढतात, काढा, पण तिथेच उन्हात गप्पा मारत उभं राहू नका.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे घाम. हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो, शर्ट कोरडाच, म्हणून वाटतं आपल्याला काही होत नाहीये आणि पाणी प्यायचं राहून जातं. माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी लागतं, ते पण फार न चालता. तहान लागायची वाट बघू नका, आणि नुसतं पाणी ढोसत राहण्यापेक्षा खारट काहीतरी किंवा इलेक्ट्रोलाइट बरोबर ठेवा कारण घामातून मीठही जातंच. वारा आला की बरं वाटेल हेही विसरा, हवा शरीरापेक्षा गरम असली की वारा उलट तापवतो, म्हणून सैल फुल बाह्यांचा शर्ट आणि मोठ्या काठाची टोपी. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं तर "अजून पाच मिनिटं" नको, लगेच एसीत या, मानेवर ओला कपडा ठेवा, घोट घोट पाणी प्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपायला लागली तर तो हीट स्ट्रोक समजा, अंगावर पाणी ओता आणि ९११ ला, म्हणजे तिथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन करा. पण बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही, आणि हवा फार तापली की ती विरळ होते म्हणून हेलिकॉप्टरलाही उडता येत नाही, त्यामुळे मदत पटकन येईल हे गृहीत धरू नका.

मेस्किट फ्लॅटच्या वाळूवर चप्पल घालून जाणारे दिसले, प्लीज नको, बंद बूटच घाला. जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, चप्पल वाळूत गेली की तळव्यांना फोड ठरलेले.

गाडीचं म्हणाल तर टाकी भरूनच आत शिरा, आतले पंप मोजके आणि महाग. टायर आणि कूलंट आधी बघून घ्या, चढावर इंजिनचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करून खिडक्या उघडा. जास्तीचं पाणी डिकीत ठेवाच. जीपीएस शॉर्टकट म्हणून कच्चे रस्ते दाखवतं तिकडे वळू नका, डांबरी सोडू नका, आणि गाडी बंद पडलीच तर मदत शोधायला चालत निघू नका, गाडीपाशीच थांबा, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती लांबून दिसते.

दुपारी आम्ही दांतेज व्ह्यूला गेलो, १,६६९ मीटर उंचीवर, खालच्यापेक्षा दहा डिग्री तरी कमी असेल, तिथे माणसासारखं उभं राहता आलं. खाली तंबू ठोकायचा विचार करू नका, जुलैत कधीकधी रात्रभर पारा ३२ च्या खाली येत नाही, त्यापेक्षा वर डोंगरात वाइल्डरोजच्या कॅम्पग्राउंडला जा. बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर मी म्हणेन सरळ नोव्हेंबर ते मार्चमध्ये या, गोल्डन कॅन्यन चालून बघता येईल, आम्हाला तो पार्किंगमधून बघूनच पुढे जावं लागलं.